उटीचे दगड

यरगट्टी मागे पडली की जमीन रंग बदलते.
काळी रानं थांबतात,
कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तशी,
पुढे तांबडा फुफाटा, निवडुंग,
आणि शिळ्या भाकरीसारखे
पापुद्रे सुटलेले डोंगर.

बाप शेजारच्या सीटवर.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.
तीस वर्षं ट्रकचं स्टिअरिंग धरलेले हात आता मांडीवर,
तरी प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय
माझ्याआधी ब्रेक शोधतो.
"हाणुलालीस पोरी. चालीव की जरा."

पाटी येते, कानडी.
त्याला वाचता येत नाही, बोलतो माझ्यापेक्षा सरस.
मी वाचते: निधानवागि चलिसि.
तो हसतो. "सावकाश जावा म्हणतंय.
माझ्या क्लीनरनं एकदा ते निधन वाचलं.
दहा मैल आम्ही दोघंबी गप्प."

रस्त्यावर ज्वारीची कणसं पसरलेली,
येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चाकांवर मळणी.
सूप हातात घेतलेली बाई म्हणते, होग्रि, होग्रि,
आणि आमची गाडी लोण्यावरून गेल्यासारखी
अर्धा वाव आडवी सरकते.
पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक,
मागे दिवा नाही,
लाल फडकं होतं, ते धुळीनं रस्त्याच्याच रंगाचं झालंय.
मेंढरं. मग मेंढरांनंतरचं एक मेंढरू,
ज्याला कायम उशीर होतो.

घाट चढला.
उजवीकडे एकदम धरणाचं पाणी,
कुणी तरी डोंगरात आरसा विसरून गेल्यासारखं.
माळावर पवनचक्क्या,
सगळ्या फिरतात, एक नाही.
मी त्या एकीकडे बघत राहिले.
"बघायचं असंल तर थांब.
चालवताना डोंगर बघितलास
तर डोंगर तुला बघंल."

थांबले. पण त्याला डोंगर बघायचाच नव्हता.

वळणाच्या पोटात तीन दगड.
बाजूला सांडलेलं ऑइल, वाळलेली बाभळीची फांदी.
रात्री कुणाची तरी गाडी बंद पडली असेल,
चाकाला उटी लावली असेल,
पहाटे चालू झाली, निघून गेली.
उटी तिथंच.

बाप उतरला. लुंगी खोचली.
पहिला दगड पायानं, दुसरा दोन हातांनी
गटारीत ढकलला.
मग तिसऱ्यावर बसला.

"ह्याच घाटात.
तुझा जन्म व्हायचा होता.
मागच्या चाकाला दोन लावलेले.
एक काढला. दुसरा अंधारात घावला नाही."
धरणाकडून गरम वारा आला.
"घावला नाही म्हणजे
मी हुडकला नाही."

मी काही विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं, की त्यानंतर आठवडाभर
त्यानं पेपर हातात धरला नाही,
नाक्यावरच्या हॉटेलात चहा घेतला नाही,
कुणी अपघाताचं बोलू लागलं
की टायर बघायला उठायचा.
काही झालं होतं का?
"म्हाईत नाही," तो म्हणाला.
"काय की."

समोरच पिवळी पाटी होती. अपघात वलय.
कानडीत वलय म्हणजे टापू.
आपल्यात चंद्राभोवती असतं ते.
मी ती त्याला वाचून दाखवली नाही.

तिसरा दगड दोघांनी उचलला.
एका बाजूनं उन्हानं तापलेला,
खालून अजून रात्रीइतका गार,
त्याला चिकटलेला एक विंचू, पोरांसकट.
बापानं फुंकर मारून त्याला वाट दिली.

मी गटारीकडे वळले तर म्हणाला,
"डिकीत टाक.
आपल्याला लागंल.
फकस्त काढायला इसरू नको."

तोरगलपर्यंत प्रत्येक वळणावर
तो मागे या कडेचा त्या कडेला जात होता,
धप्प.
बाप डोळे मिटून बसला होता.
झोपला नव्हता.
दर धप्पला
त्याचा उजवा पाय हलत होता.